घानाचा अशांती प्रदेश: सोनं, कोको, शेती आणि हस्तकला – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घानाचा विषय निघाला की आपल्याकडे तीन प्रश्न हमखास येतात. तिथे सोनं स्वस्त मिळतं का, आपण खातो त्या चॉकलेटचा कोको तिथलाच का, आणि ते चौकटीचौकटींचं रंगीत कापड कुठून आणायचं? तिन्हींची उत्तरं एकाच प्रदेशात मिळतात, आणि ती एकमेकांत गुंतलेलीही आहेत. अशांतीमध्ये ज्या मातीवर कोको उभा आहे तिच्याच पोटात सोनं आहे. सध्या तिथली सगळी ओढाताण त्यावरूनच चालू आहे. म्हणून खालचे प्रश्न सुटे वाटले तरी जमल्यास क्रमाने वाचा.

अशांती प्रदेश नेमका कुठे आहे?

पश्चिम आफ्रिकेतल्या घानाच्या साधारण मध्यावर, किनाऱ्यापासून आत. २०१९ पासून घानात १६ प्रदेश आहेत, त्यांतला हा एक. प्रदेशाची राजधानी कुमासी, देशाची राजधानी अक्रा हिच्यापासून वायव्येला सुमारे २५० किलोमीटर. क्षेत्रफळ २४,३८९ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपट. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५४ लाखांच्या वर भरली. प्रशासकीय नाव अशांती असलं तरी लोक स्वतःला असांते म्हणवतात, आणि बोलतात ती त्वी भाषा.

सरकार अक्रातून चालतं, पण इथे राजाही आहे. असांतेहेने (म्हणजे असांतेंचा राजा) ओसेई टुटू दुसरे १९९९ पासून गादीवर आहेत आणि कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात त्यांचा दरबार भरतो. हा राजा नुसता शोभेचा नाही. जमिनीच्या आणि वारसाच्या भांडणांत त्यांचा शब्द आजही वजनदार ठरतो.

हवामान कसं? शेतीचे हंगाम किती?

दक्षिण भाग दमट जंगलाचा, उत्तरेकडे एजुराच्या बाजूला झाडी विरळ होत गवताळ माळ लागतो. कुमासीत वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. मार्च ते जुलै मोठा पावसाळा, ऑगस्टात उघडीप, सप्टेंबर ते नोव्हेंबर छोटा पावसाळा. त्यामुळे मका वर्षातून दोनदा घेता येतो. डिसेंबर-जानेवारीत सहारावरून हरमाटन नावाचा कोरडा, धुळकट वारा येतो. ओठ फुटतात, सूर्य फिकट दिसतो, आणि कोकोची कोवळी फळं सुकून गळायला लागतात.

सोन्याचा इतिहास किती जुना?

असांते राज्याच्याही आधीचा. इथलं सोनं उंटांच्या तांड्यांबरोबर सहाराच्या पलीकडे जात होतं. पुढे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज त्याच सोन्यासाठी किनाऱ्यावर किल्ले बांधून बसले. इंग्रजांनी वसाहतीचं नावच ‘गोल्ड कोस्ट’ ठेवलं. १७०१ च्या सुमारास ओसेई टुटूने फेयियासेच्या लढाईत डेंक्यिरा राज्याचा पराभव केला आणि असांते सत्ता उभी राहिली. त्याचा पुरोहित-सल्लागार ओकोम्फो आनोक्ये याने आकाशातून सोन्याचं आसन उतरवलं, अशी श्रद्धा आहे. हे ‘सिका ड्वा कोफी’ म्हणजे राजाची खुर्ची नव्हे. त्यात साऱ्या असांतेंचा प्राण आहे असं मानतात, आणि राजासुद्धा त्यावर बसत नाही.

१८७४ मध्ये इंग्रजांनी कुमासी जाळून लुटली आणि वर ५० हजार औंस सोन्याची खंडणी लादली. १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसनने ते आसन स्वतःला बसायला मागितलं, तेव्हा एजिसूच्या राजमाता याआ असांतेवा यांनी युद्ध पुकारलं. आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही. १८७४ च्या लुटीतल्या आणि नंतर नेलेल्या काही वस्तू २०२४ मध्ये कुमासीत परत आल्या. अमेरिकेतल्या फाउलर संग्रहालयाने सात वस्तू कायमच्या दिल्या. लंडनच्या दोन संग्रहालयांनी दिलेल्या मात्र उसन्या आहेत. लुटलेला माल मूळ मालकाला उसना द्यायचा, याला काय म्हणावं ते वाचकांनीच ठरवावं.

आज सोनं कुठे निघतं?

मोठी खाण ओबुआसीची, कुमासीच्या दक्षिणेला. १८९७ मध्ये तिथे अशांती गोल्डफील्ड्स कंपनी उभी राहिली. २००४ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीत विलीन होऊन अँग्लोगोल्ड अशांती झाली. २०१४ च्या अखेरीला खाण थंडावली आणि डिसेंबर २०१९ मध्ये नव्याने सोनं देऊ लागली. त्याच सुमारास घानाने दक्षिण आफ्रिकेला मागे टाकलं आणि आफ्रिकेतला सर्वांत मोठा सोनं-उत्पादक देश ठरला.

पण आकड्यांत ओबुआसी मोठी असली तरी गावागावांत बोललं जातं ते गॅलमसीबद्दल.

गॅलमसी म्हणजे काय? त्यावर एवढा गहजब का?

परवाना नसलेली, लहान टोळ्यांनी चालवलेली सोन्याची खोदाई. फावडं आणि पाटी घेऊन नदीकाठची वाळू धुणारी माणसं इथे शतकानुशतकं आहेत. १९८९ मध्ये कायदा करून सरकारने लहान खोदाईला परवाने देण्याची सोय केली. २००६ च्या खाण कायद्यानुसार हे परवाने फक्त घानाच्या नागरिकांना मिळतात.

बिघडलं ते यंत्रं आल्यावर. २००५ नंतरच्या काळात सोन्याचा भाव चढत गेला, आणि परदेशी, विशेषतः चिनी, भांडवलाबरोबर पोकलेन आणि पाणी उपसायचे मोठे पंप नदीकाठी आले. जे काम गावाला वर्षभर पुरलं असतं ते आठवड्यात उरकू लागलं. पद्धत अशी: वरची काळी माती ओरबाडून बाजूला टाकायची, खालचा खडीचा थर लाकडी पन्हळीवर पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचा, पन्हळीत अंथरलेल्या गालिच्याच्या तुकड्यांत जड कण अडकतात. मग ते कण पाऱ्यात कालवायचे, पारा सोन्याला धरतो, फडक्यात पिळून उरलेली गोळी आगीवर धरली की पारा उडून जातो आणि सोनं राहतं. उडालेला पारा माणसाच्या छातीत जातो, सांडलेला नदीत.

ऑफिन, ओडा आणि अनुम या अशांतीतल्या नद्या पुढे प्रा नदीला मिळतात. प्राचं पाणी आता चहात दूध घातल्यासारखं दिसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये खालच्या बाजूच्या सेक्येरे हेमांग इथल्या जलशुद्धीकरण केंद्रात गढूळपणा १४ हजार एककांवर गेला. केंद्र बांधलंय ते २ हजार एककांचं पाणी शुद्ध करण्यासाठी. केप कोस्टसारख्या शहराचे नळ त्यामुळे आटले.

शेतकरी मग जमीन देतातच का?

कारण हिशेब सरळ आहे. म्हाताऱ्या झालेल्या कोकोच्या बागेतून वर्षाला जे हाती येतं, त्याच्या कितीतरी पट रक्कम खोदाईवाला एका दिवसात रोख मोजतो. त्यात मेख अशी की १९९२ च्या राज्यघटनेनुसार जमिनीखालचं खनिज सरकारचं, आणि वरची जमीन बहुतेक ठिकाणी गादीची, म्हणजे त्या-त्या प्रमुखाच्या ताब्यातली. शेतकऱ्याच्या हातात उरतात ती फक्त त्याने लावलेली झाडं. शेजारच्या बागेत खड्डे पडले, ओढा अडला, आपल्या झाडांच्या मुळाशी पाणी साचलं, की ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही फार काळ तग धरता येत नाही. सगळा दोष ‘लोभी शेतकऱ्यां’वर टाकणारे लेख मला म्हणूनच पटत नाहीत.

अशांतीत जाऊन स्वस्तात सोनं आणता येतं का?

नाही. सोन्याचा भाव जगभर एकच असतो आणि तो कुमासीतल्या फेरीवाल्यालाही मोबाइलवर दिसतो. २०२५ मध्ये घानाने ‘गोल्ड बोर्ड’ स्थापन केलं. १ मे २०२५ पासून परदेशी माणसाला स्थानिक बाजारात सोन्याची खरेदी-विक्री करायला मनाई आहे. ‘थेट खाणीतून, बाजारभावापेक्षा स्वस्त, फक्त आगाऊ कर भरा’ असे ईमेल आणि व्हॉट्सॲप संदेश म्हणजे शुद्ध फसवणूक. एवढं मात्र खरं की घानाकडून भारत जे विकत घेतो त्यात सर्वांत मोठा वाटा सोन्याचाच असतो. पण तो व्यवहार बँका, रिफायनऱ्या आणि मोठे आयातदार करतात.

सोन्याशिवाय आणखी काय खनिज आहे?

न्यिनाहिनच्या टेकड्यांत बॉक्साइटचे मोठे साठे आहेत. अनेक वर्षं योजना होताहेत, मोठी खाण अजून उभी राहिलेली नाही. टेकड्यांवर जंगल आहे, त्यामुळे विरोधही आहे.

बोसुम्त्वी सरोवर उल्केमुळे झालं हे खरं का?

खरं आहे. सुमारे १० लाख ७० हजार वर्षांपूर्वी उल्का आदळून साडेदहा किलोमीटर रुंदीचं विवर पडलं, त्यात हे तळं आहे. आपलं लोणार याच जातीचं, पण लोणार बेसाल्टात आहे आणि आकाराने फारच लहान. बोसुम्त्वीचं पाणी बाहेर कुठे वाहून जात नाही. असांतेंसाठी तळं पवित्र, त्यामुळे लोखंड पाण्याला लागू द्यायचं नाही असा जुना नेम. म्हणून कोळी होडीऐवजी एका सपाट ओंडक्यावरून हातांनी वल्हवत जातात. काठच्या गावांची लोकसंख्या वाढली, मासा घटला, आणि बरेच जण डोंगरउतारावर शेती करू लागले. ती माती तळ्यात येते. २०१६ मध्ये युनेस्कोने याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. कुमासीहून एका दिवसात जाऊन येता येतं.

जंगलात लाकूड कोणतं?

ओडुम, महोगनी, सापेले, वावा. ओडुम हे तिथलं सागवान समजा: दारं, खिडक्या, फर्निचर सगळं त्याचं. १९९० च्या दशकात घानाने अखंड ओंडके परदेशी पाठवण्यावर बंदी घातली, तेव्हापासून कापून, रंधून मगच लाकूड बाहेर जातं. खऱ्या जंगलाची कल्पना यावी म्हणून बोबिरी राखीव वनात जा. फुलपाखरांसाठी ते प्रसिद्ध आहे.

कोको मूळचा तिथलाच का?

नाही, दक्षिण अमेरिकेतला. टेट्टे क्वार्शी नावाचा लोहार फर्नांडो पो बेटावर काम करून १८७९ मध्ये बिया घेऊन आला आणि त्याने त्या पूर्वेकडच्या मांपोंगमध्ये लावल्या. हे मांपोंग वेगळं. अशांतीतही त्याच नावाचं गाव आहे आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते. तिथून कोको शेतकऱ्यांच्या डोक्यावरून पश्चिमेला सरकत अशांतीत आला. विशेष म्हणजे हे गोऱ्यांच्या मळ्यांचं पीक कधीच नव्हतं. लहान शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीने, दोन-चार एकरांच्या तुकड्यांवर, जंगलातली उंच झाडं सावलीला ठेवून ते वाढवलं. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगात पहिल्या क्रमांकावर पोचला होता. आज पहिला आयव्हरी कोस्ट आहे.

कोकोचं फळ ते पोतं, मधे काय-काय होतं?

फळ फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडावर लागतं, फणसासारखं. मुख्य तोडणी ऑक्टोबरपासून. खोडावरचा फुलांचा डोळा दुखावला तर पुढल्या वर्षी तिथे फळ धरत नाही, म्हणून कोयता जपून चालवावा लागतो. फळं एका जागी ढीग करून शेजारीपाजारी मिळून फोडतात. एकाच्या बागेत आज, दुसऱ्याच्या परवा. ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. आत पांढऱ्या, गोड-आंबट गरात माखलेल्या तीस-चाळीस बिया असतात. पोरं गर चोखतात आणि बी थुंकतात ते बरोबर ढिगातच.

खरी मेहनत पुढे आहे. राजेळी केळीची पानं जमिनीवर पसरायची, त्यावर बियांचा ढीग, वर पुन्हा पानं, आणि दाबायला ओंडके. सहा दिवस ढीग आंबतो. मधे दोनदा उलथापालथ करतात. आत हात घालवणार नाही इतकी उष्णता चढते, गर वितळून खाली पाझरतो, आणि जांभळट बी तपकिरी होते. चॉकलेटच्या चवीचा पाया इथेच पडतो. चार दिवसांतच ढीग मोडला तर बी कडू राहते. मग बांबूच्या उंच तट्ट्यांवर आठवडाभर उन्हात वाळवण. बायका दिवसभर हाताने बी फिरवत, फुटक्या आणि चिकटलेल्या बिया वेचून काढतात. आभाळ भरून आलं की तट्टी गुंडाळायची. बी मुठीत दाबल्यावर करकर वाजली म्हणजे वाळली. घानाचा कोको जगात चार पैसे जास्त घेतो तो या ढिगामुळे आणि तट्टीमुळे.

कोकोचा भाव कोण ठरवतं?

सरकारचं कोकोबोर्ड. १९४७ पासून ते आहे. हंगामाच्या सुरुवातीला ते एक भाव जाहीर करतं, परवानाधारक खरेदीदार ६४ किलोच्या पोत्यांत माल उचलतात, आणि बोर्ड तो बाहेर विकतं. जगाचा बाजार कोसळला तर शेतकऱ्याला आधार, चढला तर मात्र वरचा मलिदा त्याला मिळत नाही. २०२०-२१ मध्ये घानात दहा लाख टनांहून जास्त विक्रमी पीक आलं होतं. २०२३-२४ मध्ये ते साधारण निम्म्यावर आलं: पाऊस विस्कटला, रोग वाढला, बागा म्हाताऱ्या, आणि गॅलमसी. परिणाम म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर, विक्रमी पातळीवर गेला. शेतकऱ्याला बोर्डाचा ठरलेला भाव त्याच्या कितीतरी खाली, तोही उशिरा. मग रात्री पोती सीमेपलीकडे गेली तर नवल नाही. २०२५ मध्ये जागतिक भाव जवळपास अर्ध्यावर घसरला. कांदा पिकवणाऱ्याला हे काही नव्याने समजावून सांगायला नको.

कोकोवर रोग कोणते?

सर्वांत वाईट म्हणजे फांद्या सुजवणारा विषाणू, जो पिठ्या ढेकूण पसरवतात. १९३६ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला गेला. औषध नाही, लागण झालेलं झाड आणि त्याच्या भोवतालची झाडं तोडायची, एवढंच. १९४० च्या दशकात इंग्रज सरकारने जबरदस्तीने बागा तोडायला घेतल्या, आणि त्या रागाने स्वातंत्र्य चळवळीला मोठं बळ मिळालं. दुसरा, फळं काळी पाडणारा रोग. कोकणातल्या सुपारीवर कोळरोग आणणाऱ्या बुरशीची भावकीच ती, आणि झडीच्या पावसात तशीच पसरते.

बागेतली माणसं कोण? वाटणी कशी होते?

मालक बरेचदा शहरात, आणि बाग दुसऱ्याच्या हाती. दोन पद्धती मुख्य आहेत. ‘अबुसा’मध्ये तयार बागेची निगा राखणाऱ्याला उत्पन्नाचा तिसरा हिस्सा. ‘अबुनू’ म्हणजे अर्धेली: जमीन एकाची, लागवड दुसऱ्याने स्वतःच्या खर्चाने करायची, आणि झाडं धरू लागली की बाग किंवा पीक निम्मं-निम्मं. घानाच्या उत्तरेतून आलेली अनेक कुटुंबं अशीच इथे स्थिरावली.

वारसा हा याहून गुंतागुंतीचा मामला. असांतेंमध्ये कूळ आईकडून चालतं. जुन्या रिवाजाने माणसाची मालमत्ता त्याच्या मुलांना न जाता बहिणीच्या मुलांना जाते. भातशेती किंवा रताळी असती तर फारसं बिघडलं नसतं. पण कोकोची बाग पन्नास वर्षं उत्पन्न देते, आणि ती उभी करताना बायको-पोरं राबलेली असतात. नवरा गेल्यावर बाग भाच्याकडे, या अन्यायावरून इतके तंटे झाले की १९८५ मध्ये सरकारने मृत्युपत्र नसलेल्या वारशाचा कायदा केला आणि विधवा-मुलांचा वाटा ठरवून दिला. कायदा झाला, गावात तो दरवेळी चालतोच असं नाही. शहाणे शेतकरी म्हणूनच हयातीतच, साक्षीदारांसमोर बायकोच्या नावे बागेचा तुकडा करून ठेवतात.

मुलांना कामाला लावतात का?

हो, आणि हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये आलेल्या शिकागो विद्यापीठाच्या पाहणीनुसार घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून साडेपंधरा लाखांवर मुलं कोकोच्या बागांत काम करत होती. बहुतेक आईबापांच्याच बागेत, पण कोयता आणि फवारणीचं काम मुलाने करणं धोक्याचंच. नुसत्या ‘नैतिक’ शिक्क्याने हे संपणार नाही. मजूर लावण्याइतका भाव मिळाला तर कमी होईल.

कोको सोडून काय पिकतं आणि लोक खातात काय?

कसावा, राजेळी केळी, गोराडूच्या जातीचा याम, मका, टोमॅटो, मिरची, ताडतेलाचा माड. एजुरा हे याम आणि मक्याचं आगर. आकुमादानचा भाग टोमॅटोसाठी ओळखला जातो, पण बाजारात बुर्किना फासोहून येणारा टोमॅटो त्याला दरवर्षी भारी पडतो. कोवळ्या कोकोला सावली म्हणून केळी आणि अळूच्या जातीचा कोकोयाम लावतात. त्याची पानं म्हणजे कोन्तोमिरे. भाजी बघितली तर तुम्हाला अळूचं फदफदं आठवेल, फक्त यात चिंच-गूळ नाही, ताडतेल आणि वाळलेला मासा आहे.

मुख्य जेवण फुफू. उकडलेला कसावा आणि केळी उखळात कुटतात. एक जण उभा राहून माणसाएवढं मुसळ मारतो, दुसरी बसून दोन घावांच्या मधे ओल्या हाताने गोळा वळवते. ताल चुकला तर बोटं गेली. गोळा रश्शात येतो, आणि तो चावायचा नसतो, गिळायचा.

आपल्या मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आठवते? ती २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत पोचली, घानातला मका तिने खाल्ला, आणि २०१८ मध्ये भारतात आली. एजुराचा शेतकरी आणि सोलापूरचा शेतकरी एकाच किड्याला शिव्या देतात.

घानाचा काजू कोकणात येतो म्हणतात, ते खरं का?

खरं. काजूचा पट्टा मुख्यतः अशांतीच्या वायव्येला, बोनो प्रदेशात आहे, एजुराकडेही थोडा. घानात बी फोडण्याचं काम कमी होतं, कच्ची बी पोत्यांत भरून व्हिएतनाम आणि भारतात जाते. गोवा, सिंधुदुर्ग आणि चंदगडच्या कारखान्यांना स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकी बी लागते. स्वस्त आयातीने आपल्या बीचा भाव पडतो ही बागायतदारांची तक्रारही खोटी नाही. आणि झाड तर दोघांकडेही पाहुणंच, ब्राझीलमधून आलेलं.

केंटे कसं विणतात?

कुमासीजवळच्या बोन्वीरे गावात, आणि अदान्वोमासेमध्ये. दंतकथा अशी की दोघा भावांनी जंगलात अनान्से नावाच्या कोळी किड्याला जाळं विणताना पाहिलं आणि विद्या उचलली. माग अगदी अरुंद, चारेक इंची पट्टीचा. ताणा विणकराच्या पुढे कित्येक हात लांब पसरलेला, टोकाला दगड ठेवलेली फळी. कापड गुंडाळत जाईल तशी ती फळी जमिनीवरून खरडत जवळ येते. ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्या पायांच्या बोटांत धरलेल्या असतात. हाताला धोटा, पायाला दोऱ्या. अशा लांब पट्ट्या विणून त्या कडेला कड जोडून शिवतात. पुरुषाच्या पूर्ण कापडाला सुमारे २४ पट्ट्या लागतात. पट्टीतल्या चौकटी शेजारच्या पट्टीशी जुळल्या पाहिजेत, आणि विणताना शेजारची पट्टी समोर नसते. सगळा हिशेब डोक्यात.

अठराव्या शतकात राजासाठी युरोपातून आलेलं रेशमी कापड उसवून त्याचे धागे वापरायचे. आता सुती आणि रेयॉन. पूर्वी बायकांना माग वर्ज्य होता; आता काही मुली विणतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत केंटे दाखल झालं.

नक्षीला नावं असतात आणि नावांत राजकारण. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांनी इजिप्तच्या फातियाशी लग्न केलं तेव्हा एका नक्षीला तिचं नाव मिळालं. १९६६ मध्ये त्यांची सत्ता उलथली, आणि तीच नक्षी ‘एकट्याने राज्य चालत नाही’ या अर्थाच्या नावाने विकली जाऊ लागली.

अस्सल केंटे ओळखायचं कसं?

उलटं करून बघा. छापील कापड मागून फिकट असतं आणि त्याला पट्ट्यांचे जोड नसतात. विणलेल्यात दर चार इंचांवर शिवण लागते, नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, आणि वजन हाताला जाणवतं. बाजारात बहुतांश माल छापील, बराचसा चीनमधला. छापील घेणं गुन्हा नाही, पण विणलेल्याचा भाव देऊन घेऊ नका. पैठणीच्या नावाखाली यंत्रमागाची साडी घेतलेल्यांना हे कळेल.

अदिंक्रा म्हणजे तेच का?

नाही, ते ठशाचं कापड, न्तोन्सो गावचं. बादी नावाच्या झाडाची साल भिजवून, कुटून, गाळून तासन्‌तास उकळतात. काळा, डांबरासारखा दाट रस उरतो. भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्यावर ठसा कोरतात, मागे बांबूच्या काड्यांची मूठ. कापड ताणून त्यावर आधी लाकडी फणीने रेघांच्या चौकटी, मग ठसे. एके काळी हे दुखवट्याचं कापड: गडद तांबडं, तपकिरी किंवा काळं. पांढऱ्यावरचं आनंदाच्या प्रसंगी.

ग्यामानचा राजा अदिंक्रा १८१८ च्या सुमारास युद्धात हरला आणि कला तेव्हा कुमासीत आली, असं सर्रास सांगतात. पण इंग्रज प्रवासी बाउडिचने १८१७ मध्येच कुमासीत घेतलेलं अदिंक्रा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तेव्हा ही गोष्ट जरा बेतानेच घ्यावी.

लाकूडकाम आणि पितळकाम कुठे बघायला मिळेल?

लाकूडकाम आहवियामध्ये. असांते आसन एका अखंड ओंडक्यातून कोरतात: वर चंद्रकोरीसारखी बैठक, मधे नक्षी. कोणी बसलेलं नसेल तेव्हा ते आडवं टेकवून ठेवतात, भटका आत्मा येऊन बसू नये म्हणून. पितळकाम क्रोफोफ्रोममध्ये. मेणाचा नमुना करायचा, मातीत लिंपायचा, भाजून मेण घालवायचं, त्या पोकळीत पितळ ओतायचं आणि साचा फोडायचा; बस्तरच्या ढोकऱ्यासारखंच. पूर्वी इथे सोन्याची पूड हेच चलन होतं, आणि ती तोलायला याच पद्धतीची इवलीशी वजनं लागत: मासा, मगर, ढाल, शेंग, कोंबडीची झटापट. चलन बदललं, वजनं पर्यटकांसाठी उरली. ‘जुनं आहे’ म्हणून दाखवतील ते बहुधा गेल्या महिन्यातलं असतं. ओतकाम चांगलं असेल तर नवं म्हणूनच घ्यावं.

कुंभारकाम?

ते बायकांचं, पांक्रोनो आणि म्फेन्सीमध्ये. चाक नाही. भांडं जागेवर राहतं, कुंभारीण कमरेत वाकून त्याच्याभोवती गोल फिरते. घराघरात लागणारं भांडं म्हणजे आतून रेघा पाडलेलं मातीचं पसरट भांडं. त्यात लाकडी बत्त्याने मिरची-टोमॅटो वाटतात आणि त्यातच जेवतात. या सगळ्या हस्तकलांमधलं रोज वापरात असलेलं हेच, आणि पर्यटक नेमके इकडे फिरकत नाहीत.

जायचं असेल तर काय तयारी लागते?

पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय घानात प्रवेश नाही, आणि परतताना भारतातही तेच प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात लस घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. अक्राहून कुमासीला विमानाने पाऊण तास, बसने पाच-सहा तास धरा. पांक्रोनो, आहविया आणि न्तोन्सो ही तिन्ही गावं कुमासी–मांपोंग रस्त्यावरच आहेत, एका दिवसात होतात. बोन्वीरेला अर्धा दिवस वेगळा ठेवा. दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या अक्वासिडे सणाच्या रविवारी मान्हियात दरबार असतो, तेव्हा केंटे आणि सोनं दोन्ही अंगावर घातलेलं बघायला मिळतं. तारखा आधी तपासून मगच तिकीट काढा.